टाच आधी, मग चवडा

माझी उंची बेताची आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावरूनच झालं. मी पाचवीचा वर्गशिक्षक आहे आणि ही नोकरी मला मानवली त्यात उंचीचाही थोडा वाटा असावा. दिवसभर वर्गात माझ्याहून उंच कुणी नसतं. मार्चपर्यंत मागच्या बाकावरची एकदोन पोरं माझ्या खांद्याच्या वर जातात, पण तोवर परीक्षा येते आणि ती सहावीत जातात. दर जूनला मी पुन्हा उंच होतो.

बायकोची आणि माझी उंची सारखी. हे मी म्हणत नाही, लोकच म्हणत आले. तरी लग्नात माझ्या मामाला धीर धरवला नव्हता. मंगलाष्टकांच्या वेळी माझ्या पायाखाली ठेवायला त्याने चांगला जाडजूड पाट कुणाकडून तरी मागून आणला होता. सटाण्याहून आलेल्या वऱ्हाडात थोडी कुजबुज झाली. पण अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या आणि जोडा शोभतो असं म्हणत सगळे पंगतीकडे वळले. त्यानंतर तेरा वर्षं आमच्या घरात उंचीचा विषय निघाला नाही. ती सपाट चपला वापरायची. मी कधी हे घाल म्हटलं नाही, ते घालू नको म्हटलं नाही. तिला त्याच आवडतात, असं मी धरून चाललो होतो.

विषय निघाला तो तिच्या कंपनीमुळे. ती सातपूरच्या एका कंपनीत खरेदी विभागात आहे. यंदा तिला त्या विभागाची प्रमुख केलं. दरवर्षी कंपनीचं जोडीदारांसह एक मोठं जेवण असतं, त्यात तिचा सत्कार ठरला. जागा गंगापूर रोडवरचं एक हॉटेल. विभागातल्या बायकांनी परस्पर ठरवून टाकलं की या वेळी सगळ्यांनी झकास तयार होऊन यायचं आणि सगळ्यांनी हील्स घालायच्या.

"मी हील्स घेतेय," तिने जेवताना सांगितलं.

"घे की," मी म्हणालो. म्हणालो खरा, पण हातातली पोळी तशीच ताटात ठेवली.

"शिकावं लागेल. मी आयुष्यात कधी घातल्या नाहीत."

"पाय मुरगळेल. कंबर धरेल. या वयात कशाला नसते उद्योग?"

"या वयात म्हणजे?" तिने वाटी खाली ठेवली. "आणि शिकवणारं आहे ऑफिसात एक जण."

एक जण. तेवढ्या दोन शब्दांवर माझी रात्र गेली. तिच्या ऑफिसातला एकच माणूस मला नीट ठाऊक होता, तो म्हणजे तिचे साहेब. कंपनीच्या गणपतीला मी त्यांना पाहिलं होतं. मांडवाच्या कमानीखालून जाताना त्यांना मान खाली घालावी लागत होती. एवढा उंच माणूस आणि वर आवाज मऊ. तेव्हापासून घरात 'साहेब म्हणाले' अशी सुरुवात झाली की माझी भाजी अळणी व्हायची. साहेब म्हणाले, हे टेंडर तुम्हीच बघा. साहेब म्हणाले, तुमच्याशिवाय हा विभाग चालत नाही. मी पाचवीच्या पोरांना दिवसातून दहादा शाबास म्हणतो, त्यामुळे शाबासकी किती स्वस्त असते ते मला माहीत आहे. पण तिला माहीत नव्हतं, असं मला वाटे.

मला कसली भीती होती ते स्पष्टच सांगतो. त्या रात्री सगळ्या कंपनीसमोर मी तिच्या शेजारी उभा राहीन आणि लोकांना दिसेल की हिला याच्याहून बरा मिळाला असता. लोकांचं एक वेळ सोडा. तिलाही ते दिसेल. सपाट चपलांतून तेरा वर्षं दिसलं नाही ते जरा वरून बघितल्यावर दिसेल. हा विचार एकदा डोक्यात शिरला तो शिरलाच.

रविवारी शिकवणारं 'एक जण' घरी आलं. पंचविशीची मुलगी निघाली, तिच्याच विभागातली, आमच्याच इंदिरानगरात पलीकडच्या गल्लीत राहणारी. मला हायसं वाटलं, पण चहा होईपर्यंतच. तिने खोक्यातून सँडल काढले, जाड चौकोनी टाचांचे, घोट्याला पट्टा असलेले.

"ताई, तुमच्या नंबरचेच आणलेत. पहिल्यांदा पेन्सिल हीलच्या वाटेला जायचंच नाही. ही टाच जाड असते, तोल जात नाही."

बायकोच्या पायाचा नंबर त्या पोरीला ठाऊक होता. मला नव्हता. मी कपबशा उचलून आत गेलो आणि मोरीपाशी उभा राहून आठवत बसलो. मंगळसूत्राची लांबी आठवली, बांगडीचं माप आठवलं, चष्म्याचा नंबरसुद्धा आठवला. पायाचा काही आठवेना.

बाहेर शिकवणी सुरू झाली होती. "टाच आधी, मग चवडा. पावलं लहान. पायांकडे बघायचं नाही, नजर समोर. ताई, चिखलातून चालल्यासारख्या पाय उचलू नका." दोघी खिदळल्या. ती ऑफिसच्या लोकांबरोबर असं हसते, हे मला घरबसल्या पहिल्यांदाच ऐकू येत होतं. मी बाहेर आलो तेव्हा बायको दाराची चौकट धरून उभी होती आणि पाय थरथरत होते.

"सर, बरं झालं आलात," ती मुलगी म्हणाली. "तुम्ही जरा इथे उभे राहा, भिंतीसारखे. ताई तुमच्या खांद्याला धरून चालतील."

मी भिंत झालो. बायकोने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पाऊल टाकलं. पट्टा काचला, ती 'आई गं' म्हणाली आणि तिची बोटं माझ्या खांद्यात रुतली. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

पुढचा आठवडा माझ्या संसारातल्या चांगल्या आठवड्यांपैकी एक होता. शाळा सुटली की मी शिक्षकांच्या खोलीत गप्पा न मारता तडक घरी यायचो. वह्या तपासायच्या राहिल्या तर राहिल्या. ती ऑफिसातून यायची, हातपाय धुवायची, सँडल चढवायची आणि मला हाक मारायची. "अहो, या ना." दिवाणखान्यापासून बाल्कनीपर्यंत आणि बाल्कनीपासून परत. तिचा हात माझ्या खांद्यावर. लग्न झाल्यावर सप्तशृंगीला गेलो होतो तेव्हा गर्दीत तिने माझा हात धरला होता. त्यानंतर आम्ही असे एकमेकांना धरून कधी चाललो नव्हतो. रस्त्याने जाताना ती दोन पावलं मागे असायची, नाहीतर मी तरी. तिची टाच सोलवटली तेव्हा मीच मेडिकलमधून पट्ट्या आणल्या आणि मीच लावल्या. सँडल सैल व्हावेत म्हणून जाड मोजे घालून ते घरात वापरायचे, हेही त्या पोरीनेच सांगितलेलं. मोज्यांवर सँडल घातलेली बायको मला सांभाळायला सोपी वाटायची.

पण ती शिकत होती. माझ्या हे लक्षात यायला हवं होतं. शिकवण्याच्या धंद्यात आयुष्य गेलंय माझं.

आधी तळवा गेला, नुसती बोटं राहिली. मग एकच बोट. मग तर हात खांद्याला टेकतच नव्हता, वरून तरंगत यायचा. एका संध्याकाळी मी वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो आणि हाकेची वाट बघत होतो. ती स्वयंपाकघरातून चहाचा कप घेऊन आली, माझ्या पुढून बाल्कनीपर्यंत गेली आणि वळून परत आली. चहा सांडला नाही.

"बघितलंत?"

"छान," मी म्हणालो. घंटा व्हायच्या आधी सगळी गणितं सोडवून जो मुलगा हात वर करतो ना, त्याला मी याच आवाजात 'छान' म्हणतो.

त्यानंतर तिने त्या सँडलना घरात मोकळं रान दिलं. पोळ्या लाटताना सँडल, कपडे वाळत घालताना सँडल, आईशी फोनवर बोलताना सँडल. सासूबाई सटाण्याहून विचारायच्या, हा टक टक आवाज कसला येतोय. हिने सांगितलं तेव्हा त्यांनी फोनवरच कपाळाला हात लावला असणार. "संभाळीसन चालजो, बेटा," एवढं मला इथवर ऐकू आलं. पोळ्यांच्या वेळी ओटा तिला ठेंगणा पडायला लागला. आणि फळीवरचा शेवयांचा डबा, जो काढायला आमच्याकडे आजवर स्टूल लागायचं, तो तिने एके दिवशी बोलता बोलता नुसता हात वर करून काढला. मी स्टूल घेऊन दारात उभा होतो. तिला कळलंही नाही की मी ते आणलंय. मी ते गुपचूप परत नेऊन ठेवलं आणि त्यावरच बसून राहिलो.

माझ्या डोळ्यांत सगळ्यात जास्त खुपायचं ते वेगळंच. बेडरूममध्ये कपाटाला उभा आरसा आहे. ती त्यापुढे सँडल घालून उभी राही, वळून बघे, ओढणी सारखी करी. तोंडावर एक हसू असे, कुणाला दाखवण्यासाठी नसतं तसलं. मी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो की ती पलंगावर बसायची. "दुखले हो पाय," म्हणायची आणि पट्टा सोडायला लागायची. एकदा झालं, दोनदा झालं. मग मी मुद्दाम करून बघितलं. मी दारातून आत आलो की ती आरशापुढून बाजूला व्हायचीच. आरशात आम्ही दोघं एकत्र दिसायला नकोत, असाच त्याचा अर्थ मी लावला. दुसरा कुठला लावणार? मला वाटलं, झालं. तिला दिसलं.

तेव्हा मी काय केलं ते सांगायला लाज वाटते, पण गंमतही वाटते. मी मोबाईलवर शोधून बुटात घालायचे रबरी सोल मागवले, टाचेखाली ठेवले की माणूस उंच दिसतो ते. पार्सल शाळेच्या पत्त्यावर मागवलं. शिपायाने सगळ्यांदेखत हातात आणून दिलं तेव्हा मी विज्ञान प्रदर्शनाचं साहित्य आहे म्हणून सांगितलं.

म्हणजे घरात एकाच वेळी दोन माणसं उंच टाचांवर चालायला शिकत होती. एकीला शिक्षिका होती, मदतीला नवरा होता. दुसऱ्याला कुणीच नव्हतं. मी वर्गात फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत फेऱ्या मारायचो. बुटातून टाच वर निसटायची, सगळा भार चवड्यांवर यायचा आणि मी पुढे कलल्यासारखा चालायचो, कायम कुणाच्या तरी कानात काहीतरी सांगायला निघाल्यासारखा. पोटऱ्या दगड झाल्या. पहिल्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "सर, तुम्हाला लागलंय का?" मी तिला पाढे म्हणायला लावले.

घरी आल्यावर बायको विचारायची, "दमलात का आज?" तिच्या पायांत सँडल, माझ्या पोटऱ्यांत गोळे. मी म्हणायचो, "नाही गं, उभं राहून शिकवावं लागतं ना."

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ती मुलगी शेवटची तालीम घ्यायला आली. आता घरातली फरशी पुरे, असं म्हणून त्या दोघी सोसायटीच्या पार्किंगच्या उतारावर गेल्या. मी बाल्कनीतून बघत होतो. उतारावर सरळ उतरायचं नाही, जरा तिरकं उतरायचं. गवत असेल तिथे टाच टेकवायचीच नाही. जिना चढताना पूर्ण पाऊल पायरीवर घ्यायचं. बायको खाली गेली, वर आली, पुन्हा गेली. कशालाही न धरता. वर बघून तिने मला हात केला. मीही केला. जळत होतो, पण हात केला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती तयार होऊन बाहेर आली. जांभळी साडी, केस मोकळे, कानात लोंबतं काहीतरी. सँडल त्याच जाड टाचांचे, पण पायात ते आता तिचेच वाटत होते. मी तोंडभरून म्हणायला हवं होतं की सुंदर दिसतेस. मी म्हणालो, "उशीर होतोय."

टॅक्सी गंगापूर रोडला लागली आणि तिने पर्समधून आरसा काढून बघितलं. मी बाहेर बघत बसलो. बुटात चवडे ठणकायला सुरुवात झाली होती. हॉटेलच्या दारात उतरून मी लगबगीने तिच्या बाजूला गेलो आणि हात पुढे केला. ती तोवर उतरलेली होती. माझा हात तसाच राहिला, म्हणून मग मी त्याने टॅक्सीचं दार लावलं.

आत हिरवळीवर टेबलं मांडली होती. ती पायवाटेच्या फरशीवरून गेली, टाच आधी, मग चवडा, आणि तिच्या ऑफिसातल्या बायका 'अय्या!' करून तिच्याभोवती गोळा झाल्या. इतक्यात साहेब आले.

"मॅडम, आज ओळखलंच नाही तुम्हाला!" मग माझ्याकडे वळून ते चक्क वाकले. "सर, कसे आहात?"

उंच माणसं बोलताना अशी वाकतात ना, त्याचा मला मनस्वी संताप आहे. त्यांना वाटतं, आपण अदब दाखवतोय. ज्याच्यासाठी वाकतात त्याला मात्र तो किती खाली आहे हे तेवढ्यावरून सगळ्या मांडवाला कळतं. मी म्हणालो, "मजेत." आणि माझ्या रबरी सोलांवर आणखी थोडा चवड्यांनी उंचावलो, त्यामुळे डावी पोटरी आखडली.

सत्काराच्या वेळी तिचं नाव पुकारलं. स्टेजला कठडा नव्हता, पायऱ्या अरुंद होत्या. मी पुढच्याच रांगेत होतो आणि माझ्या मनात तेव्हा काय होतं ते मी लपवणार नाही. तिने पडू नये, असं मला मनापासून वाटत होतं. पण अडखळावं. जरासं. आणि मागे वळून हात पुढे करावा, म्हणजे मी उठून जाईन. मी तर खुर्चीच्या कडेला येऊन बसलोही होतो. ती पूर्ण पाऊल घेत पायऱ्या चढली, मधोमध गेली आणि थांबली. साहेबांनी तिच्या हातात ते काचेचं स्मृतिचिन्ह दिलं. फोटोवाला म्हणाला, "मॅडम, जरा जवळ." ती साहेबांच्या शेजारी उभी राहिली, ताठ, मान वर, खांदे मागे. साहेब काहीतरी बोलले आणि ती मोठ्याने हसली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, जरा जोरातच, म्हणजे माझा चेहरा कुणी बघणार नाही.

जेवणाआधी जोडप्यांचे फोटो होते. फुलांची एक भिंत उभी केली होती, तिच्यासमोर उभं राहायचं. आमच्यापुढे बरीच जोडपी होती, म्हणून आम्ही रांगेत थांबलो. मी एका पायावरचा भार दुसऱ्यावर, दुसऱ्यावरचा पहिल्यावर असं करत होतो. ती पुढे बघत, ओठ फारसे न हलवता म्हणाली, "टाच आधी टेकवा. तुम्ही चवड्यांवर उभे राहताय, म्हणून दुखतंय."

मी टाचा झटकन टेकवल्या. "तुला काय माहीत?"

"कपाटात बुटांच्या मागे खोकं ठेवलंत. त्यावर चित्रच आहे."

"मग बोलली नाहीस?"

"तुम्ही कुठे बोललात?" आणि तिने हळूच माझ्या कोपराला कोपर लावलं. "उद्या मी सांगते नीट. मोजे जाड घाला."

मला वाटलं, जमीन दुभंगावी. आणि दुसरीकडे, तिने कोपर लावलं म्हणून बरंही वाटलं. तेवढ्यात आमचा नंबर आला.

आम्ही फुलांपुढे उभे राहिलो. फोटोवाल्याने कॅमेरा वर केला. मी नजरेच्या कोपऱ्यातून बघितलं आणि माझा विश्वास बसेना. तिचा कान माझ्या कानाच्या रेषेत होता. एका उंचीचे आम्ही, अगदी एका. ती एवढ्या टाचांवर आणि तरी सारखे. मी मनात त्या रबरी सोलांना हात जोडले. एवढा त्रास भोगला त्याचं सार्थक झालं, असं वाटून मी छाती पुढे काढली. लोकांनो बघा, जोडा शोभतो की नाही.

मग सहज माझी नजर खाली गेली. साडी तिने सँडल घालूनच नेसली होती, निऱ्या जमिनीला लागू नयेत म्हणून. स्टेजवर त्या अगदी बरोबर जमिनीच्या वर होत्या. आता मात्र त्यांचा काठ फरशीवर चुरगळून पडला होता. थोडाथोडका नाही, चांगला वीतभर. सँडल पायांत होते. मग साडी लांब कशी झाली, हे कळायला मला क्षणभर लागलं.

साडीच्या आत तिने गुडघे वाकवले होते.

"सरळ उभी राहा ना," मी म्हणालो.

"फोटो होऊ दे आधी."

"गुडघे दुखतील तुझे."

"नाही दुखत. सवय आहे." ती कॅमेऱ्याकडे बघून हसतच होती.

"कसली सवय? कधीपासून?"

"तुम्ही बघायला आलात ना आमच्याकडे, तेव्हापासून. मामी म्हणाली होती, मुलगा फार चांगला आहे, फक्त जरा ठेंगणा आहे. शेजारी उभं करतील तेव्हा गुडघे सैल सोड, साडीत काय दिसतंय." आणि मग, कुणाची तरी बाजू घेतल्यासारखी, "मला तुम्ही पसंत होतात."

मला एकेक आठवायला लागलं. भाच्याच्या बारशाचे फोटो, वास्तुशांतीचे फोटो, दरवर्षीच्या दिवाळीचे फोटो. आरशापुढून ती पलंगावर का बसायची तेही. घरात ती पंजाबी ड्रेसमध्ये असायची, त्यात गुडघे लपत नाहीत.

"सरळ हो," मी म्हणालो. या वेळी जरा मोठ्याने.

तिने माझ्याकडे बघितलं आणि ती सरळ झाली. हळूहळू वर गेली. कान गेला, मग हनुवटी आली, आणि माझ्या डोळ्यांसमोर तिचं ते लोंबतं कानातलं आलं. तिथून ती मला अनोळखी वाटली आणि फार देखणी वाटली. मला तिच्याकडे मान वर करून बघावं लागलं आणि त्याचं मला काहीच वाटलं नाही. शपथेवर सांगतो, काहीच नाही.

फोटोवाल्याने कॅमेरा खाली केला. "मॅडम, मघासारख्या उभ्या राहा ना. मघाचं बरोबर होतं."

आणि ती लगेच खाली आली. विचारही न करता. मी 'नको' म्हणेपर्यंत क्लिक झालं होतं आणि मागचं जोडपं पुढे सरकलं होतं.

सोमवारी सगळे फोटो कंपनीच्या ग्रुपवर आले. आमचा फोटो तिने लगेच मोबाईलवर स्टेटसला लावला. सटाण्याहून, नाशकातून, सगळीकडून एकच सूर, किती छान दिसताय दोघं, अगदी एकमेकांसाठी केलेले. ती तो मला दाखवायला आली तेव्हा मी छान म्हणालो, या वेळी मनापासून.

पण एकटा असलो की मी दुसरा फोटो बघतो. त्यात ती स्टेजवर आहे. मान वर, खांदे मागे, गुडघे सरळ, तोंडभर हसू. आणि शेजारी तो माणूस उभा आहे, ज्याने यासाठी काहीही केलेलं नाही. त्याच्या उंचीचं मला आता काही नाही. पण माझी बायको सबंध उभी राहिलेली त्याने आपल्या शेजारी बघितली, जाता जाता, फुकटात. माझ्या शेजारी ती तशी एकदाच उभी राहिली, आणि त्याचा फोटो नाही.